अहवालाच्या वर लिहायची एक ओळ

बाळा,

मानसशास्त्रीय चाचणीचा तुझा पहिला अहवाल काल रात्री वाचला. गुण बरोबर काढलेस, आलेखही नेटका आहे. पण ‘स्वभाव आज्ञाधारक, स्वतःचं मत मांडत नाही’ या ओळीपाशी मी अडकले. नवीन असताना अगदी हीच ओळ मीही लिहिली होती.

दांडिया बाजारातल्या वाड्यातली सून होती ती. समोर एमएमपीआय-2 या व्यक्तिमत्त्व चाचणीची 567 विधानं, प्रत्येकापुढे ‘खरं’ की ‘खोटं’. दार अर्धं उघडं, बाहेर बाकावर सासूबाई. मला पुढची वेळ गाठायची होती, म्हणून मी ‘फार विचार करू नका, चला’ म्हणत राहिले. मध्येच ती म्हणाली, “ताई, इथे काय लिहू?” मी म्हटलं, मनाला येईल ते. तिने दाराकडे पाहिलं आणि मग खूण केली. माणूस स्वतःला किती निर्दोष दाखवतो ते तपासणारं 15 विधानांचं एल माप तिचं खूप वर गेलं. तीच ओळ आणि वर ‘माहिती दडवते’ असं लिहून मी मोकळी झाले. पुढच्या खेपेला ती एकटी आली. माझ्या वरिष्ठ बाईंनी पाणी दिलं, दार लावलं, आणि तीच सून अर्धा तास ठामपणे बोलली.

माणसं एकमेकांशी कशी वागतात ते दाखवणारं मानसशास्त्रज्ञ टिमथी लिअरींचं 1957 चं वर्तुळ तू शिकली आहेस. एका अक्षावर वर्चस्व आणि नमतं घेणं, दुसऱ्यावर आपुलकी आणि वैर. त्या चौकटीतून एक गोष्ट वारंवार दिसते: आपुलकीला बहुधा आपुलकीच मिळते, पण हुकमाला हुकूम नाही, मान तुकवणं मिळतं. दरवेळी असं घडेलच असं नाही. माझ्या खोलीत मात्र घडलं होतं. त्या वर्तुळात मीही बसले होते आणि अहवालात माझं नावनिशाण नव्हतं.

भाषेचंही बघ. आपल्या बडोद्यात घरी मराठी आणि शाळा गुजराती हे घरोघरी आहे. कोणत्या भाषेत वाचणं सोपं जातं ते आधी विचार. विधान अडलं तर तोंडी भाषांतर करून सांगू नकोस. मग ती प्रमाणित चाचणीच राहत नाही.

तुझ्या अहवालातल्या मुलीला पुन्हा बोलव, एकटीला. नव्या अहवालात पहिल्या ओळीत लिही: खोलीत कोण होतं, दार कसं होतं, आणि तू किती वेळा घाई केलीस. सोमवारी घेऊन ये, आपण दोघी मिळून वाचू.

तुझी,
ताई