बेलारूसमध्ये जन्मलेल्या कोणत्या व्यक्तींनी जगभर नाव कमावलं?

माझ्या मते सुरुवात फ्रान्सिस्क स्कारिनापासून करायला हवी. पोलोत्स्क गावचा हा माणूस, शिक्षणाने वैद्य. 1517 मध्ये त्याने प्रागमध्ये स्तोत्रांचं पुस्तक छापलं आणि पुढच्या दोन वर्षांत बायबलचे बरेच भाग. मॉस्कोत इव्हान फ्योदोरोव्ह या मुद्रकाचं पहिलं पुस्तक निघालं ते 1564 मध्ये, म्हणजे जवळजवळ अर्धशतक नंतर! सामान्य माणसाला समजावं म्हणून स्कारिनाने प्रस्तावना लिहिल्या, हे मला फार मोलाचं वाटतं.

वितेब्स्क या एकाच शहराने दोन मोठी माणसं दिली. चित्रकार मार्क शगाल तिथल्याच ज्यू वस्तीतला. पॅरिसला गेल्यावरही त्याच्या चित्रांत वितेब्स्कची लाकडी घरं येत राहिली. दुसरे झोरेस अल्फेरोव्ह. अर्धवाहकांवरच्या (सेमीकंडक्टर) संशोधनासाठी त्यांना 2000 चं भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. आज फायबरने घरी येणाऱ्या इंटरनेटमागे जे लेसर असतात, त्यांचा पाया त्या कामात आहे.

स्वेतलाना अलेक्सियेविच यांचा जन्म युक्रेनमधला, पण वाढल्या बेलारूसमध्ये. युद्ध आणि चेर्नोबिलची अणुदुर्घटना भोगलेल्या साध्या माणसांचे आवाज त्यांनी वर्षानुवर्षं टिपले. 2015 चं साहित्याचं नोबेल त्यांना मिळालं. एकच वाचायचं असेल तर यांना वाचा.

खेळात ग्रोद्नोची जिम्नॅस्ट ओल्गा कोर्बुत. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाकडून तीन सुवर्णपदकं. नंतर व्हिताली शेर्बोने 1992 मध्ये बार्सिलोनात जिम्नॅस्टिक्समध्ये सहा सुवर्णपदकं जिंकली. टेनिसवाली व्हिक्टोरिया अझारेंका तर आपल्याकडेही माहीत आहेच.