पेटीला पैसे आहेत, शिकवणाऱ्याला?

वाचकांचे प्रश्न, संगीतशिक्षिकेची उत्तरं

प्रश्न : नमस्कार बाई. आमची बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली सरकारी मराठी शाळा. पहिली ते सातवी मिळून सव्वाशे मुलं. मी शाळा सुधारणा समितीवर आहे. यात्रेची शिल्लक आणि मुंबई-पुण्याला नोकरीला असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी पाठवलेले पैसे मिळून 60,000 रुपये जमलेत. आम्हा दोघी-तिघींचं म्हणणं, यातून मुलांना गाणं-तबला शिकवावा. अध्यक्षांना मोठा टीव्ही हवाय. ते म्हणतात, “गाणी पोरं मोबाइलवर ऐकतातच की.” मुख्याध्यापक म्हणतात, तपासणीला संगीत कुणी विचारत नाही. संगीतानं गणित सुधारतं असं मी वाचलं होतं. बैठकीत तेच सांगू का?
— एक पालक, खानापूर तालुका

उत्तर : ताई, गणिताचं नाव बैठकीत काढूच नका.

हे पिल्लू 1993 साली अमेरिकेत सुटलं. कॅलिफोर्नियात कॉलेजच्या मुलांना मोझार्टची एक रचना दहा मिनिटं ऐकवली आणि लगेच घडी घातलेल्या कागदाची वगैरे कोडी घातली. ती त्यांनी थोडी बरी सोडवली आणि तो परिणाम पंधराएक मिनिटांत उतरलाही. त्यात लहान मुलं नव्हती, कुणी गाणं शिकलं नव्हतं आणि गणिताचा तर पत्ताच नव्हता. तरी बातमीचा एवढा बोभाटा झाला, की 1998 मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी अशा संगीताची सीडी पाठवायला सरकारी पैसे मागितले!

पुढे 2004 मध्ये टोरांटोचा एक नीट अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा वर्षांची 144 मुलं घेतली. काहींना वर्षभर की-बोर्ड किंवा गाणं शिकवलं, काहींना नाटक, काहींना काहीच नाही. संगीत शिकलेल्यांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा दोन-तीन गुणांनी जास्त वाढला. मग 2020 मध्ये दोघा संशोधकांनी असे 54 अभ्यास, जवळजवळ सात हजार मुलांचे, एकत्र पडताळून पाहिले. अभ्यास जितका काटेकोर, तितका फायदा कमी. संगीताऐवजी दुसरं काही मन लावून शिकणाऱ्या मुलांशी तुलना केली, तर फरक जवळपास शून्य.

म्हणजे तुम्ही आज गणिताच्या जोरावर पैसे मिळवाल. सहामाहीचे मार्क आले की अध्यक्ष विचारतील, “कुठं वाढलं?” आणि पेटी, म्हणजे हार्मोनियम, जाईल माळ्यावर. गाण्यासाठी पैसे गाण्याच्याच नावावर मागा.

अध्यक्षांना एक दिवस प्रार्थनेला उभं करा. आपल्याकडे सकाळी नाडगीत, म्हणजे कर्नाटकाचं राज्यगीत, कन्नडमध्ये, प्रार्थना मराठीत, मग राष्ट्रगीत. बहुतेक ठिकाणी गुरुजी सुरुवात करतात ती स्वतःच्या सोयीनं, म्हणजे पेटीवरच्या काळी एक नाहीतर काळी दोन या पट्टीत. सात-आठ वर्षांच्या पोरांना ती पट्टी धड खाली झेपत नाही, धड वर. निम्मी घोगऱ्या आवाजात पुटपुटतात, निम्मी एक सप्तक वर उडी मारतात आणि शेवटच्या ‘जय हे’ला त्यांचा आवाज फुटतो. रांगेतून फिरणाऱ्या बाई म्हणतात, “हा बेसूर आहे, तू नुसते ओठ हलव.” तेच पोर काळी चार किंवा पाचमध्ये घ्या. पहिल्या ओळीला बिचकेल, दुसऱ्या ओळीला शेजारच्याचं ऐकेल, तिसरीला त्याच्यात मिसळेल. ते शेजारच्याचं ऐकणं मोबाइलवर होत नाही. मोबाइलवरचं गाणं पोराच्या आवाजासाठी थांबत नाही, खाली येत नाही आणि तू चुकलास असं सांगतही नाही. ज्यांना आपण बेसूर म्हणून बसवून ठेवलंय, त्यातली बरीच मुलं पट्टी बदलली की सुरात येतात. एवढं ओळखायला संगीत शिकलेलं माणूस लागतं, आणि खर्च आहे तो या माणसाचा.

दुसरी गोष्ट मुलींची. तुमच्या भागात भजन घरोघरी आहे. काकडआरती, हरिनाम सप्ताह, पारायण, सगळं जोरात. गावातला मुलगा देवळात बसून बसून पखवाज शिकतो, त्याला शाळेची गरज नाही म्हणा हवं तर. मुलीच्या हातात फार तर टाळ येतात. पखवाज, तबला तिच्यापर्यंत पोचत नाही, आणि रात्री अकरापर्यंत भजनाला तिला कोण बसू देणार? बेळगावच्या टिळकवाडीतल्या मुलीला आई स्कूटरवरून क्लासला सोडते, महिन्याची फी भरते. तुमच्या गावातल्या मुलीला डग्ग्यावर हात ठेवायला मिळेल तो शाळेच्या तासालाच, नाहीतर कधीच नाही. बैठकीत तुम्ही दोघी-तिघी आहात ना? मग हे ठासून सांगा.

कुणीतरी उठून म्हणेल, आपली माती संगीताची, आपल्याला कोण शिकवणार! या मातीचा अभिमान मलाही आहे. कुमार गंधर्व म्हणजे शिवपुत्र कोमकळी, जन्म 1924, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळचे. गंगूबाई हनगल लहानपणी 1924 च्या बेळगाव काँग्रेसमध्ये गांधीजींपुढे गायल्या. संगीत नाटक मराठीत रुजवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर सौंदत्तीकडच्या गुर्लहोसूरचे. घरची भाषा कन्नड असलेल्यांनी मराठी पदं गायली आणि आपण ती आपलीच म्हणून ऐकली. सीमेचा वाद त्यात कधी आड आला नाही. पण ही नावं आपण निमंत्रणपत्रिकेवर छापतो आणि हात झटकतो. शिवपुत्र अकराव्या वर्षी मुंबईला गाणं शिकवणाऱ्या देवधर मास्तरांकडे गेला, कारण कुणीतरी त्याला पाठवलं आणि तिथं कुणीतरी शिकवायला बसलं होतं. माती आपोआप गात नाही हो.

आपल्या शेजारच्या कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं घराण्याच्या उंबऱ्याबाहेर यावं, ठरलेल्या वर्गात, ठरलेल्या वेळी, साध्या घरातल्या मुलालाही मिळावं, ही त्यांची खटपट. सव्वाशे वर्षं होत आली. आपल्या शाळांच्या वेळापत्रकात मात्र संगीत अजून ‘सोयीनुसार’ असतं, आणि सोय होते ती प्रतिभा कारंजी, म्हणजे शाळांची कलास्पर्धा, आली की. आठ दिवस आधी बऱ्या गळ्याची चार पोरं निवडायची, त्यांच्याकडून एक भावगीत घोटून घ्यायचं. उरलेल्या एकशेवीस जणांनी टाळ्या वाजवायच्या.

आता पैशांचं बोलू, कारण खरी गोम तिथं आहे.

मुख्याध्यापकांना सांगा, 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि अभ्यासाचे विषय यांच्यात भिंत ठेवू नये, असं स्पष्ट लिहिलं आहे. तपासणीला विचारत नसतील, तर आपण दाखवावं. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे 2009 च्या कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून जास्त मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अर्धवेळ शिक्षक असावा, अशी तरतूद आहे. तुमची सव्वाशे मुलं पहिलीपासून मोजून आहेत, तेव्हा तिचा तुम्हाला उपयोग नाही. लहान गावांतल्या शाळा अशाच कलमातून निसटतात, आणि नेमकी तिथंच बाहेर क्लास नसतो.

सरकारी अनुदान बघा. समग्र शिक्षा योजनेच्या निकषात 101 ते 250 मुलांच्या शाळेला वर्षाला 50,000 रुपये धरलेत. त्यात खडू-रजिस्टर, विजेचं बिल, किरकोळ दुरुस्ती, आणि किमान दहा टक्के स्वच्छतेवर. कौलं गळायला लागली की संपले. त्यातून गाण्याचा तास निघत नाही, म्हणून वेगळे पैसे लागतात आणि म्हणूनच तुमचे 60,000 जपून वापरायचे आहेत.

सगळे वाद्यांवर घालू नका. हे मी दरडावून सांगते. मी पाहिलेल्या एका शाळेत देणगीदारानं नवी कोरी पेटी दिली. हार घातला, फोटो निघाला, पेटी कपाटात गेली आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. दोन पावसाळ्यांत पट्ट्या फुगून अडकल्या, भात्याचं चामडं उंदरांनी कुरतडलं. शिकवणारं कुणी नव्हतं, त्यामुळे पेटी बिघडल्याचं कळायलाही कुणी नव्हतं!

पहिल्या वर्षी पेटी भजनी मंडळाकडून मागून घ्या. दिवसा ती देवळात रिकामीच असते. शिकवणाऱ्याला आठवड्यातून दोन दिवस बोलवा, दरमहा 4,000 मानधन धरा. दहा महिन्यांचे 40,000 झाले. उरलेल्यात तबला-डग्ग्याची एक बरी जोडी, हातोडी, गवसणी आणि पुडी, म्हणजे वरचं चामडं, बदलायला थोडी शिल्लक. पोरं तबल्यावर तुटून पडतात, पुडी फाटणारच. ती फाटायलाच हवी.

माणूस कुठून आणायचा? गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा असतात. मध्यमा झालेलं कुणीही सातवीपर्यंत छान शिकवू शकतं. तुमच्याच गावात एखादी सून मध्यमा करून आलेली असेल आणि लग्नानंतर तंबोऱ्याला हात लावला नसेल. विचारून तर बघा. मानधन मात्र द्या. ‘तेवढीच देवाची सेवा’ म्हणून फुकट राबवलं, तर दिवाळीनंतर ती येणार नाही आणि तिचं बरोबर असेल.

पुढच्या वर्षाचं काय, हे अध्यक्ष विचारतील आणि तो प्रश्न रास्त आहे. शाळेचा विकास आराखडा करायचं काम कायद्यानं तुमच्या समितीचंच आहे, आणि समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात. त्या आराखड्यात ‘संगीत : मानधन’ असं स्वतंत्र लिहा. ‘सांस्कृतिक’ या शीर्षकाखाली घातलंत, तर मंडप आणि स्पीकरचं भाडं ते खाऊन टाकेल. एकदा कागदावर ओळ आली, की पुढच्या वर्षी ती काढायला कुणालातरी तोंड उघडून ‘काढा’ म्हणावं लागतं. टीव्हीला माझा विरोध नाही. टीव्हीला देणगीदार मिळतो, त्यावर नाव रंगवता येतं. मानधनावर नाव रंगवता येत नाही, म्हणून ते समितीनं उचलायचं.

प्रश्न : मुलगा यंदा दहावीला. चार वर्षं तबला शिकतोय. घरचे म्हणतात, वर्षभर बंद ठेव. काय करावं?
— एक वडील, निपाणी

उत्तर : बंद करू नका, कमी करा. क्लास महिन्यातून दोनदा, घरी रोज वीस मिनिटं, तीही अभ्यासाला बसण्याआधी. यंदा तबल्याचे नवीन कायदे-रेले नकोत, परीक्षाही नको, आहे तेच लयीत ठेवू दे. वर्षभर हात बंद राहिला तर पुढं ‘धिरधिर’ला बसायचंच जिवावर येतं. आणि त्याला आवडत नसेल, तुम्हीच रेटत असाल, तर खुशाल सोडू दे. दहावीचं कारण कशाला?

प्रश्न : आमच्या मंडळाची जुनी पेटी आहे. सूर सुटतात, हवा धरत नाही. शाळेला वापरायला द्यायची आहे. दुरुस्त करावी की नवी घ्यावी?
— भजनी मंडळ, चंदगड रस्त्यावरचं एक गाव

उत्तर : आधी काय गेलंय ते बघा. सगळे खटके बंद करा, भाता भरा आणि हात सोडा. भाता लगेच बसला तर हवा गळतेय. चामडं आणि सांधे बदलून ते काम भागतं, फार खर्च नाही. मग एकेक पट्टी दाबून ऐका. दोन-चार सूरच खरखरत असतील तर त्या पितळी सुरांवर, म्हणजे आतल्या पात्यांवर, धूळ-गंज असेल. कारागीर घासून, सुरात लावून देतो. निम्म्याहून जास्त सूर उतरले असतील आणि लाकडाला कीड असेल, तर पैसे घालू नका. बेळगावात दुरुस्ती करणारे आहेत. मिरजेला तर सतारी-तंबोऱ्यांचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्यांचा, त्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथं पेटीवालेही भेटतील आणि बेळगावहून रेल्वे थेट आहे. शाळेला देताना पेटी जमिनीवर ठेवू नका म्हणावं, पाटावर ठेवा, आत डांबराच्या गोळ्या टाका आणि पावसाळ्यात रोज थोडा वेळ वाजवा. किल्ली शिकवणाऱ्या बाईंकडे राहील, एवढी एक अट घाला.