टाकी रिकामी होते, साखळी मात्र कोरडीच

प्रश्न : जळगावच्या एमआयडीसीत आमची डाळमिल आहे. चेन कन्व्हेयरला ऑटोमॅटिक ऑइलर बसवला. तेल संपतं, तरी साखळी करकरते आणि पिनांजवळ लालसर भुकटी दिसते. थेंब वाढवू का?

उत्तर : नका वाढवू. लाल भुकटी म्हणजे पिन आणि बुश (पिनेभोवतीची नळी) आतून कोरडे घासतायत. तुमचं तेल बहुधा रोलरच्या मधोमध पडतंय. आत शिरायची वाट एकच : आतल्या आणि बाहेरच्या पट्टीमधली फट. म्हणून दोन ब्रश लावा, दोन्ही बाजूंच्या फटींवर एकेक, परतीच्या ढिल्या साखळीवर.

त्याआधी साखळी घासून काढा. डाळीचा भुसा तेलात कालवला की लगदा होतो आणि फट बुजते. मग वरून कितीही ओता. ग्रीस तर नकोच. फूड ग्रेड एच-१ (चुकून अन्नाला लागलं तरी चालणारं) चेन ऑइल, व्हीजी १५० (तेलाच्या दाटपणाचा क्रमांक) घ्या. आपल्याकडच्या मेमधल्या उन्हात पातळ तेल ठिबकून जातं. डिसेंबरात हे १५० दाटतं, तेव्हा थेंब पुन्हा मोजा. ऑइलरचा सोलेनॉइड (तेल सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह) मोटरच्या कॉन्टॅक्टरला (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचला) जोडा, नाहीतर बंद मशीनखाली सकाळी तळं.

एकदा मापही घ्या : १०० मिमी पिचचे (पिच म्हणजे लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर) १२ पिच ताणून १२२४ मिमीच्या पुढे गेले, तर साखळी २ टक्क्यांहून जास्त वाढलीय. तिथे तेल काय करणार?