गुळवेलीतला बॅसिलस आणि डीपीपीएचचा आकडा

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा : गुळवेलीच्या खोडाच्या आतून बॅसिलस हा जिवाणू मिळाला, त्याच्या इथाइल अ‍ॅसिटेट अर्काने डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट चाचणीच्या रसायनाचा जांभळा रंग ७८ टक्के उतरवला, आणि आता प्रबंधात ‘हा जिवाणू गुळवेलीचेच अँटिऑक्सिडंट तयार करतो’ असे लिहायचे आहे.

इतक्यात लिहू नका. त्या एका वाक्यात दोन दावे आहेत. ‘जिवाणू तयार करतो’ हा एक आणि ‘गुळवेलीचेच’ हा दुसरा. दुसरा तर तुम्ही तपासलेलाच नाही.

पहिल्यापासून धरू. न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये, म्हणजे पोषक द्रवात, जिवाणू वाढवला, पण कोऱ्या ब्रॉथचे वाचन तुमच्या तक्त्यात कुठेच नाही. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि पेप्टोनमधले पेप्टाइड स्वतःच डीपीपीएचला इलेक्ट्रॉन देतात. माध्यमात ग्लुकोज घालून ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) केले असेल तर साखर आणि अमिनो आम्ले मिळून तपकिरी संयुगे बनतात, तीही अँटिऑक्सिडंट असतात. म्हणून जिवाणू न घातलेला ब्रॉथ त्याच शेकरवर, तितकेच दिवस ठेवा, तसाच इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये काढा, तितकाच सुकवा आणि शेजारी लावा. या एका नळीवर तुमचा अख्खा निष्कर्ष उभा आहे. अर्क रंगीत असेल तर तो ५१७ नॅनोमीटरला स्वतःही प्रकाश शोषतो; तेव्हा डीपीपीएचशिवाय फक्त अर्क मिथेनॉलमध्ये घेऊन तेवढे वाचन वजा करा. आणि टक्के देऊ नका, आयसी५० (निम्मा रंग उतरवणारी तीव्रता) द्या, तुलनेला एस्कॉर्बिक आम्लासोबत. कुठल्या तीव्रतेला ७८ टक्के, हे न सांगता त्या आकड्याला काही अर्थ नाही.

एकूण फिनॉल मोजायला वापरतात त्या फोलिन-सिओकाल्तो अभिकर्मकाचेही तेच. तो फक्त फिनॉल ओळखत नाही. टायरोसिन, एस्कॉर्बिक आम्ल, प्रथिने, जे जे क्षपण करते त्या सगळ्यांना निळा रंग देतो. बॅक्टेरियाच्या अर्कात ‘एकूण फिनॉल’ असा रकाना बघितला की मला हसू येते, पण परीक्षक मागतात, तर द्या.

आता ‘गुळवेलीचेच’. आतले सूक्ष्मजीव झाडाचेच औषध बनवतात या कल्पनेला १९९३ साली मोठे बळ मिळाले : पॅसिफिक यू वृक्षातल्या टॅक्सोमायसिस या बुरशीत टॅक्सॉल हे त्या झाडाचेच कर्करोगावरचे औषध सापडल्याचे ‘सायन्स’मध्ये छापून आले. पण या बुरशा टॅक्सॉल स्वतंत्रपणे बनवतात का, यावर पुढे गंभीर शंका घेतल्या गेल्या. शिवाय ती बुरशी, जिवाणू नव्हे. अँटिऑक्सिडंट म्हणून लोक उद्धृत करतात ती पेस्टासिन आणि आयसोपेस्टासिन ही संयुगेही पेस्टालोटिओप्सिस या बुरशीचीच. जिवाणूकडे कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये, बाहेर सोडलेली पॉलिसॅकराइड, स्यूडोमोनासमध्ये फेनाझिन असा स्वतःचा साठा असतो. त्यामुळे तुमचा बॅसिलस वेगळेच काही बनवत असण्याची शक्यता जास्त, आणि ते काही कमी मोलाचे नाही. टीएलसी प्लेटवर (अर्कातले घटक वेगळे करणाऱ्या पट्टीवर) डीपीपीएच फवारा, पिवळा ठिपका कुठे उमटतो ते गुळवेलीच्या अर्काशेजारी बघा. मग तो ठिपका खरवडून रेणू ओळखायला एलसी-एमएस तपासणीला पाठवा.

जिवाणू खोडाच्या आतलाच, हे दाखवायला खोडाचा पृष्ठभाग निर्जंतुक केल्याचा पुरावाही हवा. इथेनॉल आणि हायपोक्लोराइटनंतरच्या शेवटच्या धुवणाचे पाणी प्लेटवर टाकले होते का? बॅसिलसचे बीजाणू इथेनॉलला भीक घालत नाहीत, त्यामुळे तुमच्या बाबतीत ही शंका पहिली विचारली जाणार. त्या प्लेटचा फोटो नसेल तर नव्याने खोड घ्या.

गुळवेलीचा नमुना पुण्यात कोरेगाव रस्त्यावरच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात नेऊन ओळख पटवून घ्या. टिनोस्पोरा या गुळवेलीच्या प्रजातीतल्या इतर जाती दिसायला फार जवळच्या आहेत. जिवाणूची ओळख मात्र फक्त १६एस या जनुकावर सोडू नका, सबटिलिस गटात ते जातीपर्यंत पोचत नाही, जायरेज-बी जनुकाचीही तपासणी करून घ्या. पुण्यातच एनसीएमआर आणि एनसीएलमधले एनसीआयएम हे सूक्ष्मजीवांचे संग्रह असल्याने कल्चर जमा करायला लांब जायला नको. आणि आजच ग्लिसरॉल स्टॉक (गोठवून जपायचा साठा) करून उणे ८० अंशांना टाका, कारण असे जिवाणू प्लेटवरून प्लेटवर फिरवत राहिलात तर संयुग बनवणे हळूहळू सोडतात.