आपले प्रश्न, आमची उत्तरे : स्वयंसेवक प्रशिक्षकाकडून अपेक्षा

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची असून येथील एका सॉकर संघात खेळते. संघाला प्रशिक्षक मिळत नव्हता, म्हणून या हंगामात ती जबाबदारी मी स्वीकारली. लहानपणी नाशिकला मी केवळ क्रिकेट खेळलो आहे. संघात दहा मुली असून त्यांपैकी तिघी-चौघींना चेंडू नीट अडवताही येत नाही. चुरशीच्या सामन्यात त्यांना बाहेर बसवावे, असा काही पालकांचा आग्रह आहे. सामना चालू असताना मी फार ओरडतो, अशी तक्रार एका आईने केली आहे. शिवाय एका मुलीचे पालक नेहमी उशिरा येत असल्याने सरावानंतर तिला मीच गाडीतून घरी सोडतो. मी हे सारे विनामूल्य करतो. मग माझ्याकडून नेमकी किती अपेक्षा ठेवली जावी?
— एक वाचक, सॅन होजे, कॅलिफोर्निया

उत्तर : आपण पुढे आला नसता, तर कदाचित हा संघ उभाच राहिला नसता, आणि त्याबद्दल आपले आभार मानले पाहिजेत. तथापि विनामूल्य कामाचा मुद्दा मला मान्य नाही. प्रशिक्षकाला पगार मिळतो की नाही, हे नऊ वर्षांच्या मुलीला ठाऊक नसते. तिला फक्त इतके कळते की, आपण चुकलो तेव्हा हा मोठा माणूस आपल्याशी कसा वागला. अमेरिकेतील लहान मुलांचे सॉकर मुख्यत्वे पालकांच्या स्वयंसेवेवर चालते, आणि म्हणूनच येथील संस्थांनी स्वयंसेवकांसाठी नियम आखून ठेवले आहेत.

कोणाला खेळवावे, याचे उत्तर आपल्याच राज्यात फार पूर्वी दिले गेले आहे. 1964 साली टॉरन्स येथे सुरू झालेल्या अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशनचे पहिले तत्त्वच असे की, प्रत्येक मूल खेळेल, आणि प्रत्येक सामन्यात किमान निम्मा वेळ खेळेल. आपली संस्था वेगळी असली, तरी हेच माप धरावे. आपल्या वयोगटात साधारणपणे सात विरुद्ध सात असा सामना होतो व 25 मिनिटांचे दोन अर्ध असतात. प्रत्येक अर्धाचे दोन भाग पाडले, तर सामन्यात चार भाग होतात आणि मैदानावरच्या 28 जागा भरायच्या असतात. दहाही मुली हजर असतील, तर आठ जणींना तीन-तीन भाग आणि दोघींना दोन-दोन भाग खेळवून हा हिशेब बरोबर जुळतो, आणि पाच सामन्यांत कमी खेळण्याची पाळी प्रत्येकीवर एकदाच येते. हा तक्ता आदल्या रात्री कागदावर मांडा, पालकांना दाखवा, आणि पहिल्या सामन्यात कमी खेळणाऱ्या दोघींत आपल्या मुलीचे नाव घाला. आग्रह धरणाऱ्या पालकांशी वाद घालण्याची वेळ मग सहसा येणार नाही. गोलरक्षणाची पाळीही अशीच फिरवावी. जिला धावता येत नाही तिला गोलमध्ये उभे करून ठेवणे, ही पद्धत मला क्रूर वाटते.

ओरडण्याविषयी मात्र मी थोडे सविस्तर लिहितो. चेंडू पायाशी आलेली मुलगी काय करावे हे ठरवत असते, आणि नेमक्या त्याच क्षणी बाजूच्या रेषेवरून ‘पास कर’, ‘मार’, ‘मागे ये’ अशा तीन सूचना आल्या की ती थांबते, वळून आपल्याकडे पाहते, तेवढ्यात चेंडू निघून जातो, आणि चूक तिच्या नावावर जमा होते. जे शिकवायचे ते सरावात शिकवावे, आणि सामन्यात शाबासकी व अधूनमधून एखादी छोटी आठवण यापलीकडे जाऊ नये. आपल्या मुलीला मराठीतून वेगळ्या सूचना देण्याचा मोह आपल्याकडील पालकांना हटकून होतो. तो टाळावा, कारण इतर मुलींना शब्द कळत नसले, तरी काहीतरी आपल्याला वगळून चालले आहे हे लगेच कळते. घरी जाताना गाडीत सामन्याची उलटतपासणीही करू नये. मैदान सोडल्यावर ती फक्त आपली मुलगी आहे.

पंचांशी वागतानाही हाच संयम हवा. या वयोगटात शिट्टी वाजवणारा पंच अनेकदा तेरा-चौदा वर्षांचा विद्यार्थी असतो, आणि मोठ्यांच्या शिव्याशापांना कंटाळून अशी मुले हे काम सोडून देतात. 2019 पासून खेळाच्या नियमांनुसार पंच प्रशिक्षकालाही पिवळे किंवा लाल कार्ड दाखवू शकतो, हे लक्षात असू द्यावे.

मुलीला एकट्याने घरी सोडणे मात्र आजपासून थांबवा. आपल्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु एक मूल व एक प्रौढ असे दोघेच बंद जागेत असू नयेत, त्यांची भेट इतरांना दिसेल व कोणालाही मध्ये येता येईल अशीच असावी, हा नियम हेतू पाहून ठरलेला नाही, आणि तो सर्वांनी पाळला तरच मुलांचे खरे रक्षण होते. दुसऱ्या एखाद्या पालकासह मैदानावरच थांबा आणि त्या कुटुंबाला उशिराबद्दल स्पष्ट सांगा. मुलींना परस्पर संदेशही पाठवू नका. निरोप पालकांच्या गटावरच जावा. कॅलिफोर्नियात 2022 पासून महिन्याला 16 किंवा वर्षाला 32 तासांहून अधिक काळ मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रौढ स्वयंसेवकांना पार्श्वभूमीची तपासणी आणि बालअत्याचाराची खबर कशी द्यावी याचे प्रशिक्षण कायद्याने बंधनकारक आहे. ते राहिले असेल, तर या आठवड्यातच पूर्ण करावे.

क्रिकेटमधून आलेल्या प्रशिक्षकासाठी आणखी एक गोष्ट : दहा वर्षे व त्याखालील मुलांनी डोक्याने चेंडू मारू नये, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय सॉकर महासंघाने ठरवले आहे, तेव्हा सरावातही ते शिकवू नका. डोक्याला मार बसल्याची नुसती शंका आली, तरी त्या मुलीला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये, आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय नंतरही खेळवू नये. मग अंतिम सामना असो वा तिचे वडीलच ‘काही झालेले नाही’ म्हणत असोत.

राहता राहिली ती तक्रार करणारी आई. पुढच्या सरावाआधी तिला भेटून तिचे आभार माना, आणि येत्या सामन्यात आपला आवाज कोणत्या मुलीवर किती वेळा चढतो, हे तिलाच मोजायला सांगा.