डीएसआयआरची मान्यता घेतली की संशोधनाला सरकार पैसे देतं का?

तुम्ही विचारलंय की भोसरीत रंगांचा छोटा कारखाना आहे, सल्लागार म्हणतो डीएसआयआरची मान्यता काढा, सरकारी पैसा येईल; तर हे खरं का, आणि डीएसटी, सीएसआयआर, डीएसआयआर यांत कोण कोणाचं?

खरं नाही. एका कंपनीत ही फाइल माझ्याच टेबलावर असते, म्हणून ठामपणे सांगतो. डीएसआयआर हा केंद्राचा १९८५ साली झालेला वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभाग. तुमच्याकडे संशोधन खरोखर चालतं, एवढंच तो मान्य करतो. त्या कागदाला भाव होता तो आयकरामुळे. जमीन-इमारत सोडून बाकी संशोधन खर्चाची दुप्पट वजावट मिळायची. ती २०१७ मध्ये दीडपटीवर आली आणि एप्रिल २०२० पासून जेवढा खर्च तेवढीच वजावट. सल्लागार जुन्या भांडवलावर धंदा करतोय.

तरी मान्यता हवीच असेल तर आधी प्रयोगशाळेत जाऊन बघा. सकाळी बॅचचे नमुने तपासणारी दोन पोरं दुपारी ‘आर अँड डी’ची होतात का? रंगाचा दाटपणा मोजणारा व्हिस्कोमीटर एकच, टॅलीत खर्चाचं खातंही एकच? मग दारावर पाटी लावून भागणार नाही. रोजची क्यूसी, म्हणजे मालाची दर्जा तपासणी, संशोधनात धरत नाहीत. जागा, माणसं, यंत्रं, हिशेब, सगळं वेगळं दिसावं लागतं. बहुतेक छोट्या कारखान्यांचं घोडं इथेच अडतं.

आता नातीगोती. सीएसआयआर (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद) ही १९४२ ची, म्हणजे डीएसआयआरपेक्षा कितीतरी जुनी नोंदणीकृत संस्था, अध्यक्ष पंतप्रधान. तिचं अनुदान डीएसआयआरमार्फत येतं आणि तिचे महासंचालकच त्या विभागाचे सचिव असतात. (हे कोडं दिल्लीलाच सुचू शकतं.) डीएसटी (विज्ञान व तंत्रज्ञान विभाग) हा वेगळा विभाग, १९७१ चा. पुण्यात पाषाणची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) सीएसआयआरची, पण तिच्या शेजारची आयसर ही विज्ञान शिक्षणाची संस्था शिक्षण मंत्रालयाची, हवामानाचा अभ्यास करणारी आयआयटीएम पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची आणि पुण्यातलीच, पण पाषाणात नसलेली आघारकर संशोधन संस्था डीएसटीची. एका ठिकाणी ओळख निघाली म्हणून दुसरीकडे काम होईल असं समजू नका.

पैसाच हवा असेल तर डीएसआयआरचीच ‘प्रिझम’ योजना बघा. त्यात एकट्या संशोधकाला, स्टार्टअपला, छोट्या उद्योगाला अनुदान मिळू शकतं. तंत्रज्ञान तयार आहे, फक्त बाजारात उतरवायचंय, असं असेल तर डीएसटीच्या अखत्यारीतलं तंत्रज्ञान विकास मंडळ आहे. तिथे मुख्यतः स्वस्त व्याजाचं कर्ज मिळतं, म्हणजे फेडायचंय हे धरून चाला.

आणि एनसीएलकडे जाणार असाल तर ती पैसे देत नाही, घेते. तुमचा प्रश्न ती सशुल्क प्रकल्प म्हणून सोडवून देऊ शकते. फक्त निघालेल्या पेटंटवर नाव कोणाचं, हे काम सुरू होण्याआधी करारात लिहून घ्या.