विकररोधक की विकाररोधक?

प्रश्न असा आलाय की वडिलांच्या पार्किन्सन्सबद्दल वाचताना एका मराठी लेखात 'विकाररोधक औषधे' असं दिसलं, तर एंझाइम इन्हिबिटरला हाच मराठी शब्द का, आणि ही औषधं घेतली की आजार थांबतो का.

नाही आणि नाही. शब्द आहे विकररोधक. विकर म्हणजे एंझाइम, शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, शाळेत पाचक विकरं शिकलो तेच. विकार म्हणजे आजार. ध चा मा करायला निदान अख्खं अक्षर बदलावं लागलं होतं, इथे नुसता काना घुसलाय, आणि हे इतक्यांदा वाचलंय की आता चिडायचाही कंटाळा आलाय.

बरं, हा काना निरुपद्रवी नाही. विकाररोधक म्हटलं की घरच्यांना वाटतं आजार थोपवला. सिंडोपा ११० ची गोळी बघा, १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० मिलिग्रॅम कार्बिडोपा. लेव्होडोपाचं डोपामिन (हालचालींना लागणारं रसायन, जे या आजारात कमी पडतं) व्हायला हवं मेंदूत, पण एक विकर ते वाटेतच उरकून टाकतं, मग मळमळ, उलट्या, आणि मेंदूपर्यंत पोचतं अगदी थोडं. कार्बिडोपा त्या विकराला बाहेरच अडवतं, स्वतः मेंदूत शिरत नाही, म्हणून आतलं काम चालू राहतं. रासाजिलिन डोपामिन मोडणारं विकर कायमचं बाद करतं, शरीराला नवं बनवावं लागतं. एन्टाकॅपोन हेही विकररोधकच, त्याचा असर थोडा वेळच टिकतो म्हणून ते लेव्होडोपाच्या प्रत्येक डोसबरोबर घेतात (लघवी नारिंगी-तपकिरी होते, घाबरू नका). या सगळ्यांनी हालचाल सुधारते, पण मेंदूतल्या पेशी मरायच्या थांबतात असं काही सिद्ध झालेलं नाही.

माझा खरा राग 'विकर' निवडणाऱ्यांवर आहे. मराठीत एंझाइमला वितंचक असा झकास शब्द होता, तो मागे पडला. आता गंमत ऐका. संस्कृतात तञ्च् धातू आहे, घट्ट होणं, साकळणं. आतञ्चन म्हणजे विरजण. तैत्तिरीय संहितेत यज्ञासाठी दूध कशाने विरजावं याची चक्क चर्चा आहे, पळसाची साल, तांदूळ वगैरे, आणि दह्याने विरजलं तर ते इंद्राचं. तक्र हा शब्दही कोशकार याच तञ्च् पासून देतात, म्हणजे आपलं ताक! आणि तिकडे जर्मनीत क्यूने नावाच्या शास्त्रज्ञाने १८७० च्या दशकात 'एंझाइम' शब्द घडवला तो ग्रीकमधून, अर्थ 'खमिरातलं'. त्याने खमीर धरलं, आपल्याकडच्या कुणीतरी विरजण धरलं. वितंचक घडवणाऱ्याच्या डोक्यात हेच होतं याबद्दल मला तरी शंका नाही. विरजणात जिवाणू असतात हे मलाही माहितीय, खमिरात तरी यीस्ट नावाची जिवंत बुरशीच असते ना? सगळी एंझाइमं कुठे साकळवतात, असं विचारणाऱ्यांनी आधी ग्रीकांशी भांडून यावं. आणि शब्द अवघड म्हणून टाकला म्हणे. प्रकाशसंश्लेषण पाठ करून घेता ना सातवी-आठवीच्या पोरांकडून? वितंचक असता तर विकाराशी घोळ व्हायची सोयच नव्हती.

रोधक मात्र ठीक. गतिरोधक सगळ्यांना कळतो. काही जण निरोधक लिहितात, त्यांनी लिहावं खुशाल, पण १९६८ पासून 'निरोध' म्हटल्यावर लोकांना दुसरंच काहीतरी आठवतं.

राहता राहिला आजार थांबण्याचा भाग. त्या दिशेने शोध चालू आहे तो एलआरआरके२ नावाच्या विकरावर. २००४ मध्ये कळलं की त्याच्या जनुकात बिघाड असला की काही घराण्यांत पार्किन्सन्स येतो. त्यातल्या सगळ्यात नेहमीच्या बिघाडात हे विकर गरजेपेक्षा जास्त जोरात चालतं, मग ते दाबलं तर आजाराचा वेगच कमी होईल का, असा विचार, आणि तशी औषधं माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत आलीत. जपून जावं लागतंय, कारण माकडांना दिल्यावर फुप्फुसाच्या पेशींत बदल दिसले होते. जमलं तर हे पहिलं विकररोधक असेल ज्याला विकाररोधक म्हटलेलं मी ऐकून घेईन.

आणि त्या प्रथिनाचं नाव काय ठेवलं होतं माहितीय? डार्डारिन! त्या अभ्यासातली बरीच घराणी स्पेनकडच्या बास्क लोकांतली, आणि बास्क भाषेत 'दारदारा' म्हणजे थरथर. आपल्याकडे थरथर आहे, भीतीने दरदरून घाम फुटतो, दरारा आहे, संस्कृतात दर म्हणजे भीतीच. माझं मत असं की र दोनदा आपटला की कुठल्याही भाषेत जीभच कापायला लागते, त्याला नातंगोतं लागत नाही. बास्क तर कुठल्याच भाषाकुळातली नाही, तेव्हा बास्क लोक मूळचे कोकणातले असले मेसेज कृपा करून मला पाठवू नका.